पाण्याच्या मुलखात फटफटी

मावळात आपण जी तळी बघायला जातो, त्यातलं एकही निसर्गानं केलेलं नाही. लोणावळा, वळवण, शिरवता, भुशी, पवना, वडिवळे, ठोकळवाडी आणि शेजारच्या तालुक्यातलं मुळशी, सगळी बांधलेली आहेत. युरोपातली नावाजलेली तळी हिमनद्यांनी कोरून ठेवलेल्या दऱ्यांत साचली. सह्याद्रीला हिमनदी ठाऊक नाही. इथं काळा कातळ, अंगावर येणारा उतार आणि चार महिन्यांचा पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम सातशे. मात्र अडवलं नाही तर हे सगळं पाणी बघता बघता वाहून जातं आणि शिमग्यानंतर वरच्या वाड्यांमधल्या बाया हंडे घेऊन झरे शोधतात.

म्हणून या मुलखात प्रत्येक तळ्यामागे एक हिशेब आहे. कुणी बांधलं, कुणासाठी बांधलं, पाणी कुठे जातं आणि त्याखाली काय गेलं, असा हा हिशेब. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून हजारो दुचाक्या या काठांवर येतात. फोटो निघतात, भजी खाल्ली जातात, गाड्या परततात. हिशेब बघायला थांबणारे थोडे. खरं तर तो बघायला दुचाकीसारखं वाहन नाही. मोठी गाडी जिथे वळवायची पंचाईत, अशा एकेरी डांबरी रस्त्यांवर तो मांडलेला आहे, आणि त्याची सुरुवात भाज्यात होते.

दान दिलेलं टाकं

भाज्याला जायचं तर जुन्या पुणे-मुंबई रस्त्यानं कार्ला फाट्यापर्यंत यायचं आणि डावीकडे मळवली स्टेशनाकडे वळायचं. रेल्वेमार्ग ओलांडला की पुढे द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. खालून मोटारी सुसाट जात असतात. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून मुंबईकर दुचाकीस्वार आजही बोरघाटाच्या जुन्या वाटेनं, शिंग्रोबाच्या देवळावरून वर येतो. हा घाटरस्ता १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात वाहतुकीला खुला झाला. बंदीनं दुचाकीवाल्याचं नुकसान काही झालेलं नाही. बघण्यासारखं सगळं जुन्या रस्त्याच्याच आजूबाजूला आहे.

गावात गाडी लावून पायऱ्या चढल्या की बावीस लेण्यांचा समूह समोर येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथलं खोदकाम सुरू झालं. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. पुढे चौदा स्तूपांचा घोळका, काही आत तर काही उघड्यावर. एकोणिसाव्या लेण्याच्या ओसरीत चार घोड्यांच्या रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे. लोक इथवर बघतात आणि उतरतात.

पण आपल्या विषयाची खूण कातळातल्या पाण्याच्या टाक्यापाशी आहे. इथल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीतला छोटा प्राकृत लेख आहे. महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त यानं ही 'पोढी' म्हणजे पाण्याचं टाकं दान दिल्याची त्यात नोंद आहे. महारठी हा सातवाहन काळातला सरदारकीचा किताब. एवढ्या तोलामोलाच्या माणसानं धर्मासाठी काय द्यावं, तर पाणी साठवायची जागा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाट चढून येणारे व्यापारी आणि पावसाळ्यात एका जागी राहणारे भिक्खू यांची तहान उन्हाळ्यातही भागावी, एवढाच त्याचा हेतू. टाक्याचं तोंड लहान, आत काळोख, पाणी थंडगार. उन्हानं पाण्याची वाफ कमी व्हावी म्हणून ते कातळाच्या पोटात घेतलेलं आहे. मावळातल्या नोंदलेल्या जलसाठ्यांत हा फार जुना आणि कुणाचंही घर न बुडवता झालेला.

गिरण्यांसाठी अडवलेली इंद्रायणी

भाज्याहून लोणावळा दहा-बारा किलोमीटर. इथली तळी दोन कामांसाठी झाली, आगगाडीसाठी आणि विजेसाठी. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पूर्ण झाली. घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे. भुशीचं धरण त्या गरजेतून आलं. आज ज्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं म्हणून गर्दी लोटते, ती मुळात रेल्वेची पाणपोई.

विजेची गोष्ट त्याहून मोठी. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडायचं आणि त्या पडण्यातून वीज काढायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते गेले आणि काम मुलांनी पुढे नेलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर चालू झालं आणि कोळशावर धूर ओकणाऱ्या मुंबईच्या कापडगिरण्यांना मावळच्या पावसावर चालणारी वीज मिळू लागली.

शिरवत्याचं पाणी बोगद्यातून वळवणला येतं. तिथून आणि लोणावळा तलावातून ते कालव्यानं, मग नळांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत जातं आणि पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीच्या चक्रांवर आदळतं. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यानं येताना डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते जाड नळ दिसतात. मोटारीच्या काचेतून ते झर्रकन मागे पडतात. दुचाकीस्वाराला बाजूला थांबून मान वर करून बघता येतात.

आता या पाण्याचं पुढे काय होतं ते बघा. वळवणला अडलेली इंद्रायणी आपल्या मर्जीनं वाहती तर देहू, आळंदी करत भीमेला मिळाली असती, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पूर्वेच्या समुद्रात. खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून (१९२२) उल्हास नदीत उतरतं. मुळशीचं भिऱ्याच्या वीजघरातून (१९२७) कुंडलिकेत. कोलाडला ऐन उन्हाळ्यात होड्यांची शर्यत लावणारा फेसाळ प्रवाह म्हणजे मुळशीचंच पाणी. टाटांच्या धरणांतून दरवर्षी सरासरी चाळीस टीएमसीहून अधिक पाणी असं पश्चिमेला वळतं. पवनेसारखी जवळपास पाच धरणं भरतील, एवढं ते होतं.

हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, सोलापूरपर्यंतच्या कोरड्या भीमा खोऱ्यात सोडावं, ही मागणी जुनी आहे. दुसरीकडे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेच्या काठचे कारखाने आणि शहरं शंभर वर्षांत याच पाण्याच्या भरवशावर वाढली. वळवणच्या भिंतीकडे बघताना हा तंटा डोक्यात असला की समोरचं निळं पाणी नुसतं निळं राहत नाही.

या तळ्यांच्या गोष्टीत एक नवी भर पडली आहे. द्रुतगती मार्गाचा घाटातला वळसा टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा जोडरस्ता आखला गेला. त्याचा जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा लोणावळा तलावाच्या तळाखालून जातो.

पवनेचा काठ

लोणावळ्याहून औंढोलीमार्गे दुधिवरे खिंडीत चढलं की एकदम पवनेचं खोरं उघडतं. डावीकडे लोहगड, समोर पाण्यापलीकडे तिकोना, उजवीकडे सुळक्यासारखा तुंग. यातला लोहगड जुलै २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. खिंडीतून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, क्लच सोडलेला असावा आणि ब्रेक हलक्या हातानं लावावा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे शहाणे प्रत्येक घाटात भेटतात. ब्रेक तापले की तेच घाम पुसत कडेला बसलेले दिसतात.

पवना धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झालं. मातीच्या भिंतीमागे साधारण साडेआठ टीएमसी उपयुक्त साठा. पिंपरी-चिंचवड हे शहर या पाण्यावर उभं आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्याला येतं आणि तिथून उचललं जातं. साठच्या दशकात आकुर्डीला स्कूटरचा कारखाना उभा राहिला, भोवती एमआयडीसी पसरली, १९७० मध्ये नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये महापालिका. खेड्यांचं उद्योगनगर झालं आणि त्याच्या नळाला पवना लागली. गेल्या पन्नास वर्षांत मराठी माणसानं ज्या दुचाक्यांवर संसार केला, त्यातल्या कितीतरी या पट्ट्यात जोडल्या गेल्या. पवनेच्या काठावर उभी असलेली जुनी चेतक म्हणजे माहेरी आलेली लेकच.

शहराला पाणी मिळालं, ज्यांची जमीन गेली त्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. पवनेच्या शेकडो खातेदारांना बदली जमीन मिळायला दोन पिढ्या वाट बघावी लागली आहे. त्यातच धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळानं पाणी नेण्याची योजना आली. नदी कोरडी पडेल, काठच्या शेतीचं काय, असं मावळचे शेतकरी विचारू लागले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ त्यांनी रास्ता रोको केला. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यात एक महिला होती. योजना थांबली, तिच्यावरचा वाद आजतागायत मिटलेला नाही.

एप्रिल-मे महिन्यात पवनेला आलं तर पाण्याखालचं थोडं वर येतं. धरणात बुडालेलं वाघेश्वराचं हेमाडपंती देऊळ साठा उतरला की उघडं पडतं. भेगाळलेल्या गाळातून चालत लोक दर्शनाला जातात. वर्षाचे सात-आठ महिने पाण्यात राहून दगडांवर पाणपातळीचे पट्टे उमटले आहेत, सांध्यांत गाळ सुकून बसला आहे. पहिल्या मोठ्या पावसांनंतर देऊळ पुन्हा दिसेनासं होतं. आजूबाजूला नीट बघितलं तर घरांची जोती आणि बांधांच्या रेघाही ओळखू येतात. काठावरचे तंबू, रंगीत दिवे आणि रात्रीचा कर्णा या सगळ्यांच्या पायाशी हे आहे.

काठाच्या गावांना या तळ्यानं आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे वळसा. समोरासमोरच्या गावांतली जुनी पाऊलवाट पाण्याखाली गेली. हाकेच्या अंतरावरच्या पलीकडल्या काठाला जायचं तर होडी, नाहीतर सगळ्या जलाशयाला फेरा. हा फेरा रोज कोण मारतं? दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली शंभर सीसीची गाडी, मागे खताची गोणी बांधलेली गाडी, तळेगावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून परतणाऱ्या पोराची गाडी. सरोवरांच्या प्रदेशातले खरे मोटारसायकलस्वार ते. जॅकेट, गुडघ्याचे पट्टे आणि हेल्मेटवरचा कॅमेरा घेऊन आपण जो रस्ता 'केला' म्हणून सांगतो, तो त्यांनी सकाळी सहाला एकदा आणि संध्याकाळी एकदा केलेला असतो.

१९२१

मोटारसायकल आणि सरोवर यांचं नातं जगात जिथे सगळ्यात घट्ट आहे, ती जागा इटलीत आहे. कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाच्या गावात १९२१ च्या मार्चमध्ये मोटो गुझ्झी कंपनीचा जन्म झाला. तळ्याकाठचे वळणाचे रस्ते आणि मागचे डोंगर हेच तिच्या गाड्यांचं घरचं अंगण. जगभरचे मोटारसायकलवेडे आजही तिथे जातात.

पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. मुळा नदीवर टाटांचं धरण होणार होतं आणि खोऱ्यातली बावन्न गावं त्याच्या छायेत आली होती. भाताची जमीन सोडायला मावळे तयार नव्हते. धरणाच्या कामावर जाऊन ते बसले, बायका-पोरांसह. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि 'सेनापती' हे नाव त्यांना इथूनच चिकटलं. तीन वर्षं लढा चालला, तुरुंगवास झाले, शेवटी धरण उभं राहिलं. धरणग्रस्तांच्या संघटित लढ्यांत जगात हा फार आधीचा मानला जातो.

पवनानगरहून तिकोना पेठ ओलांडून कोळवणमार्गे पौडला आलं की मुळशीचा रस्ता लागतो आणि पुढे ताम्हिणी. दोन्ही बाजूंनी झाडी, मधून मधून पाण्याची चमक, वर उघडा कडा. कोमोशी तुलना करायचा मोह होतो. देखण्या रस्त्याला आमच्याकडे लगेच 'मिनी स्वित्झर्लंड' म्हणायची खोड आहे. मला हा फरक जास्त मोलाचा वाटतो. कोमोच्या तळाशी हिमयुग आहे, मुळशीच्या तळाशी गावं आहेत. गाडी त्याच वेगानं चालवावी, पण हे माहीत असलेल्या माणसाचा हात हॉर्नवर जरा कमी जातो.

पाण्यात उतरण्याआधी

या सौंदर्याची किंमत वारंवार मोजावी लागते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पडलेला पाऊस पाच-दहा मिनिटांत खाली लोंढा घेऊन येतो, खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर मात्र तेव्हा नुसती भुरभुर असते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. अरुंद पादचारी पुलावर माणसांची गर्दी होती आणि त्यात दुचाक्याही घुसलेल्या होत्या. कडेला लावून चालत जायचा कंटाळा, हा दुचाकीवाल्यांचा ठेवणीतला दुर्गुण आहे.

रस्त्याचं गणितही सोपं नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे. मावळात धोका तीन जागी असतो. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून रस्त्यावर येतात आणि डांबरावर चिखलाचे गोळे टाकत जातात. पावसानंतर झाडांखालच्या वळणांवर शेवाळ धरतं. लायन्स पॉइंट, घुसळखांब भागात धुकं एवढं उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा हाच रस्ता होतो. हेल्मेट मागच्यालाही हवं, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आणि आवाज. सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्या टोळ्यांनी गावोगावी दुचाकीस्वारांचं नाव खराब केलं आहे. गोठ्यातली म्हैस बिचकली की दूध चोरते. रविवारच्या त्या दोन तासांचा हिशेब डेअरीच्या वजनकाट्यावर लागतो.

कधी यावं, कसं फिरावं

पावसाळ्यात सगळे येतात. जाणकारानं दिवाळीच्या मागेपुढे यावं. तळी काठोकाठ भरलेली असतात, हवा धुतलेली असते आणि खोऱ्याखोऱ्यांत भाताची कापणी चालू असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला 'इंद्रायणी' तांदूळ १९८७ पासून शेतांत आला आणि आता मावळची ओळख झाला. पवनेच्या काठावरच्या घरगुती खानावळीत नव्या तांदळाचा वाफाळता चिकट भात, त्यावर पिठलं किंवा तळ्यातल्या माशाचं कालवण मिळालं तर फिरण्याचे पैसे वसूल.

एका दिवसात एकच खोरं घ्यावं. पवन मावळ घ्यायचा तर भाजे, दुधिवरे खिंड, पवनानगर, तिकोना पेठ आणि कामशेतकडे परतताना बेडसे लेणी. नाणे मावळात वडिवळे आणि उकसानचा परिसर. आंदर मावळासाठी कान्हे फाट्यावरून टाकव्याला वळावं आणि ठोकळवाडीच्या काठानं खांडीकडे जावं. या शेवटच्या रस्त्यावर गर्दी सगळ्यात कमी आणि पाणी सगळ्यात मोठं. सगळी तळी एका दिवसात उरकणाऱ्याला सांगायला किलोमीटर उरतात. गाडीही मोठी लागत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची, ब्रेक आणि टायर धड असलेली कुठलीही चालते.

येताना तीन गोष्टी पाळाव्यात. काठावरचा कचरा पाण्यात जातो आणि ते पाणी कुणाच्या तरी नळाला येतं, बहुधा तुमच्याच. म्हणून आणलेलं परत न्यावं. खाणं-राहणं स्थानिक घरात करावं, म्हणजे ज्यांनी जमीन दिली त्यांच्या हाती या तळ्याचं काही तरी पडेल. आणि आधी भाज्याला थांबून ते दगडी टाकं बघून मगच पुढे जावं. विष्णुदत्तानं पाणी दिलं तेव्हा आपलं नाव खोदून ठेवलं. पवना-मुळशीत ज्यांनी गावं दिली त्यांची नावं काठावर कुठे कोरलेली दिसत नाहीत. भिंतीपाशी मोठ्या अक्षरांत ती कोरावीत, बुडालेल्या प्रत्येक गावाची पाटी त्या त्या काठावर लावावी. पर्यटनाच्या निधीतून सेल्फी पॉइंट होतात. हे त्याहून स्वस्तात होईल.